कपाटावरची टिकली

द्राक्षांच्या गाड्या पुन्हा रस्त्याच्या कडेला लागल्या आहेत. सकाळी स्वेटर घालून निघावं आणि दुपारी तोच स्वेटर स्कूटरच्या डिकीत कोंबून घरी यावं, अशी हवा पडली आहे. शाळेच्या फाटकाबाहेर मुलं शेवटच्या क्षणी पुस्तकात डोकं घालून उभी असतात. शेजारी त्यांच्या आया, हातात पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर पेपर आपल्यालाच द्यायचा आहे असा भाव. दहावीची परीक्षा सुरू झाली. हा ऋतू कॅलेंडरात छापलेला नसतो, पण थंडी आणि उन्हाळा यांच्या मधल्या फटीत तो दरवर्षी न चुकता येऊन बसतो.

आणि तो आला की माझी जीभ आपोआप तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात जाते. खालची, मागून दुसरी दाढ. म्हणजे दाढ नाही, दाढेची जागा. आता ती छान गुळगुळीत झाली आहे. तिथे नकली दात बसवून घ्या, असं डॉक्टरीणबाई दर भेटीत सांगतात आणि मी दर भेटीत 'सुट्टी लागली की' म्हणते. खरं कारण वेगळं आहे. ती रिकामी जागा मला उपयोगी पडते.

तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी आमच्या शाळेतल्या परीक्षा केंद्राची केंद्रसंचालक होते. मी गणित शिकवते. वर्गाला आणि स्टाफरूमला सारख्याच आवाजात. केंद्रसंचालक म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. सकाळी सीलबंद पाकिटं येतात. त्या दिवशीच्या विषयाचंच पाकीट उघडायचं, दुसरं नाही, ही सगळ्यात मोठी धास्ती. मग कोऱ्या उत्तरपत्रिका, पुरवण्या, बारकोड, पर्यवेक्षकांच्या नेमणुका, कोणाच्या तरी पोटात दुखतं, कोणाचं तरी हॉलतिकीट रिक्षात राहतं. आणि केव्हाही फाटकातून आत येईल असं भरारी पथक. स्टाफरूममधलं लोखंडी कपाट त्या महिन्यापुरतं माझ्या खोलीत येत असे आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये. पर्स माझ्या खांद्याला. जेवतानासुद्धा.

आदल्या संध्याकाळी बाकांवर खडूने बैठक क्रमांक घालतात. ते काम उपकेंद्रसंचालक गांगुर्डे सर आणि शिपाई दौलतमामा करत. ते करून गेले की मी प्रत्येक वर्गात जाऊन एकेक बाक पुन्हा बघत असे. गांगुर्डे सर चांदवडकडचे. उंच, सावकाश चालणारे, भूगोल शिकवणारे. ते दारात उभे राहून बघत आणि म्हणत, "मॅडम, आकडे मलाबी येतात."

"माहीत आहे," मी म्हणे आणि पुढच्या बाकाकडे जाई.

कोणी विचारलं, टेन्शन आहे का, तर माझं उत्तर ठरलेलं होतं. मला टेन्शन नसतं, मला काम असतं. ताण हा रिकाम्या लोकांचा किंवा घाबरट लोकांचा आजार आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं. यावर गांगुर्डे सरांनी स्टाफरूममध्ये एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "बरोबर हे. मॅडमला टेन्शन नसतं. मॅडमचं आम्हाला असतं." सगळे हसले. मीही हसले, म्हणजे ओठांनी. दात एकमेकांवर घट्ट बसलेलेच होते, पण ते तेव्हा मला कुठे माहीत होतं?

माहीत नवऱ्याला होतं. एका सकाळी चहा गाळता गाळता तो म्हणाला, "हल्ली रात्री घरात कोणीतरी जातं फिरवतंय असं वाटतं. उठून बघतो तर तू."

"घोरत असेन."

"घोरणं मला ओळखू येतं. ते माझं आहे. हे दातांचं आहे."

शेजारच्या शोभाताई, ज्या आमच्या घरच्या सगळ्या आजारांवर न विचारता मत देतात, त्यांनी ते जिन्यातून ऐकलं. "जंत," त्या म्हणाल्या. "आमचा बंटी लहानपणी अस्साच दात खायचा. वावडिंग घे."

पन्नाशीच्या बाईला जंत! मी वावडिंग घेतलं नाही. पण सकाळी उठल्यावर कानापुढचा भाग ठणकायचा, जांभई देताना जबड्यात कटकन वाजायचं, कपाळावर पट्टा बांधल्यासारखं डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून मी एक गोळी घेई आणि शाळेत जाई. मेडिकलवाल्याला मी दारात दिसले की तो तीच पट्टी काढून ठेवायचा.

पहिल्या पेपरच्या आदल्या आठवड्यात कोणा पालकाने द्राक्षांची पेटी स्टाफरूममध्ये आणून ठेवली. हिरवी, लांबट, बिनबियांची. इतकी ताजी की देठ अजून ओलसर. मी एक तोंडात टाकलं, चावलं, आणि उजव्या कानापर्यंत वीज गेली. दाढेचा एक कोपरा माझ्या जिभेवर आला. नाशिकमध्ये जन्मून, इथेच वाढून, बिनबियांच्या द्राक्षाने दाढ मोडून घेतलेली दुसरी बाई मला अजून भेटलेली नाही. गांगुर्डे सरांनी तो घोस हातात धरून उलटसुलट करून पाहिला. "खडा नाय, बी नाय," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही द्राक्षाला ओरडला का?"

दातांची डॉक्टर सायली आमच्याच शाळेची. आठवीत असताना सतत बोलते म्हणून मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या संध्याकाळी तिच्या खुर्चीत आडवी पडले, डोळ्यांवर दिवा आला, आणि ती म्हणाली, "मॅडम, तोंड उघडं ठेवायचं. बोलायचं नाही." हे वाक्य उच्चारताना तिला किती बरं वाटलं असेल, ते मास्कच्या वर दिसत होतं.

"द्राक्षाने नाही मोडली," तिने आरसा फिरवत सांगितलं. "ही आधीच तडकलेली होती. उभी, खालपर्यंत. बाकीच्याही दाढा वरून सपाट झाल्यात. झोपेत दात खाता तुम्ही. दिवसाही आवळून धरत असाल. फार ताण आहे का सध्या?"

"मला ताण नसतो," मी म्हणाले. तोंड उघडं असल्यामुळे ते नीट उमटलं नाही.

"काढावी लागेल. आधी जरा बीपी बघते."

दंडाला पट्टा गुंडाळला, तो फुगला, सुटला. तिने आकडा बघितला आणि थोड्या वेळाने पुन्हा पट्टा फुगवला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पलीकडे होता.

"सायली, काढ गं ती दाढ. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे माझी."

"मॅडम, आज नाही काढता येणार. एवढ्या प्रेशरवर मी हात लावणार नाही. वरून औषध भरून, धार घासून देते, थोडं सुसह्य होईल. पण आधी फिजिशियनकडे जायचं, उद्या नाही, आत्ता. ते आणा खाली, मग दाढ." आणि मग, माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात: "समजलं का?"

समजलं. म्हणजे असं की, एक दुखणारी दाढ तोंडात, आणि ती निघण्याची किल्ली भलत्याच कपाटात.

फिजिशियन वयस्कर होते आणि कमी बोलणारे. त्यांनी तपासलं, ईसीजी काढला, रक्त घ्यायला सांगितलं. घरात कोणाला प्रेशर होतं का, असं विचारलं. मी सांगितलं, वडिलांना. ते मनमाडला रेल्वेत होते. एका तपासणीत निघालं, गोळी दिली, त्यांनी ती चार दिवस घेतली. "डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला?" हे त्यांचं वाक्य. साठी गाठली नाही. सकाळी दाढी करताना हातातला वस्तरा खाली पडला आणि तो त्यांनी उचलला नाही. त्यांनाही कधी टेन्शन नसे. कामच इतकं असे.

हे सगळं मी गणिताची रीत सांगावी तसं सांगितलं. डॉक्टर माझ्या गालाकडे बघत होते. मग म्हणाले, "दात सोडा."

"काय?"

"आत्ता, हे सांगताना, दात आवळलेत तुम्ही. इथे." त्यांनी स्वतःच्या कानापुढे बोट ठेवलं.

खरंच होतं.

गोळीवर मी वाद घातला. एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात. ते म्हणाले, "चष्मा लागला तेव्हा असं विचारलं होतं का?" मग त्यांनी एकामागून एक सांगितलं. मेडिकलमधून मनाने डोकेदुखीच्या गोळ्या आणणं बंद. त्यातल्या काहींनी प्रेशर चढतं. मीठ कमी. रोज चालायचं, संध्याकाळी, शाळेतून थेट. झोप पुरी. "आणि शाळेतलं थोडं काम दुसऱ्याला द्या."

"ते शक्य नाही."

"मग दाढ ठेवा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आज विचार करते तेव्हा वाटतं, शरीर तक्रार करतंच, फक्त ज्याच्या त्याच्या सोयीच्या जागेतून करतं. आमच्या शाळेच्या क्लार्कचं पोट बिघडतं, तेही ऑडिट जवळ आलं की. शोभाताईंचे केस बंटीच्या लग्नात झाडूने गोळा करावे इतके गळले, आणि त्यांनी त्याचा दोष नव्या शांपूला दिला. कोणाची मान धरते, कोणाची झोप उडते, कोणाच्या अंगावर पित्त उठतं. आपण त्या त्या जागेला मलम लावतो. माझं शरीर मागच्या दाढेतून बोललं. एवढं मोठ्याने बोललं, तेव्हा कुठे मला ऐकू आलं, आणि तेही मी आधी द्राक्षावरच ढकललं.

मी कामाला लागले. ताण घालवणं हेही एक काम आहे असं ठरवल्यावर मला जरा हुरूप आला. शोभाताईंच्या चालण्याच्या ग्रुपात नाव घातलं. संध्याकाळी आम्ही गंगेच्या काठाने चालायचो. बाहेरगावच्या लोकांनी गोदावरी म्हणावं, आम्ही गंगाच म्हणतो. त्या वेळी घाटावर उतरतं ऊन असतं, भाजीवाल्यांच्या पाट्या, कबुतरं, पाण्यात पाय सोडून बसलेले यात्रेकरू. आमच्या बायका चालतात कमी, बोलतात जास्त, पण मी पुढे निघून जायचे. रविवारी मात्र सकाळी लांबचा पल्ला; मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षाच्या बागांमधून. मांडवाखाली अजून गारवा असायचा, औषध फवारल्याचा वास, मध्येच एखादं कुत्रं. मी दंड हलवत, छाती भरून श्वास घेत चालायचे आणि मनात म्हणायचे, जाणार, प्रेशर खाली जाणार.

पंधरवड्याने फिजिशियनकडे गेले. आकडा उतरला होता, पण दाढ काढण्याइतका नाही. ते चक्रावले.

"गोळी घेता?"

"रोज."

"चालता?"

"रोज. रविवारी तर लांबवर."

"कुठपर्यंत?"

"मिसळीपर्यंत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सांगितलं ते सगळं खरं होतं. बागेतल्या त्या ठिकाणी काळ्या मसाल्याची मिसळ मिळते. तर्री वेगळी, पापड वेगळा, वर शेव, शेजारी दही, शेवटी जिलबी. एवढं चालून आल्यावर हक्कच असतो. आणि तर्रीचा दुसरा वाडगा फुकट, तो सोडणं म्हणजे नाशिककराने नाशिककर असणं सोडण्यासारखं.

"म्हणजे तुम्ही आठवडाभराचं मीठ रविवारी एका बैठकीत भरून काढता," डॉक्टर म्हणाले. ते हसत होते हे मला थोडं उशिरा कळलं. "मिसळ महिन्यातून एकदा. पापड शेजारणीला."

शोभाताईंनी पापडाची जबाबदारी आनंदाने घेतली.

दातांचं मात्र काही केल्या जमेना. सायलीने सांगितलं होतं, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी टेकलेली. दिवसभर हे लक्षात ठेवा. सांगायला सोपं! पाकिटं मोजताना, फोनवर बोलताना, मुलांच्या रांगेकडे बघताना लक्षात यायचं की दात पुन्हा एकमेकांवर चढलेत, आणि केव्हा चढले ते आपल्याला कळलंही नाही. "मग खूण करा कुठेतरी," सायली म्हणाली. "जिथे सारखी नजर जाते तिथे. दिसली की जबडा सोडायचा, एक श्वास सावकाश बाहेर टाकायचा, बस."

नजर सारखी कुठे जाते? कपाटाकडे. मी पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक मरून टिकली कपाटाच्या दारावर, कुलपाच्या वर चिकटवली. एक घड्याळाच्या काचेवर. एकेक माझ्या फेरीच्या वाटेवर, प्रत्येक मजल्याच्या पहिल्या वर्गाच्या चौकटीवर. एक स्कूटरच्या आरशावर. एक घरी फ्रिजवर, तिथे नवऱ्याने विचारलं, "आज फ्रिजचा वाढदिवस का?"

दुसऱ्या दिवशी खोलीत शिरले तर उदबत्तीचा वास. कपाटावरच्या टिकलीखाली हळदकुंकवाची दोन बोटं, वर झेंडूचं फूल. दौलतमामा हात जोडून उभे.

"मामा, हे काय?"

"परीक्षा सुखरूप पार पडू दे म्हणून देवी बसवली ना मॅडमनी."

"मामा, ती देवी नाही. तो माझा जबडा आहे."

मामांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. फूल मात्र काढलं नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट उरली होती. डॉक्टरांनी सांगितलेली संध्याकाळची चाल आणि माझी बाकांची फेरी एकाच वेळी यायची. तोवर मी दोन्ही रेटत होते. बाक बघून मग अंधार पडताना धावतपळत गंगेवर. त्याला चालणं म्हणत नाहीत. एका संध्याकाळी मी वर्गाच्या दारात उभी होते. गांगुर्डे सर खडूने शेवटचा आकडा घालून हात झटकत होते. समोर चौकटीवर टिकली. मी दात सोडले, आणि ते सोडले तसं तोंडातून निघून गेलं, "सर, आजपासून मी बाक बघणार नाही. तुम्ही घाला, तुम्हीच बघा. आणि ही कपाटाची किल्ली संध्याकाळी तुमच्याकडे."

ते हात झटकायचे थांबले. "मॅडम, तब्येत बरी हे ना?"

"नाही. म्हणून तर."

मी त्यांना दाढेचं, प्रेशरचं, वडिलांचं सगळं सांगितलं; शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी किल्ली घेतली, खिशात टाकली, वरून खिसा दाबून बघितला. "तुम्ही जावा गंगेवर," ते म्हणाले. "वर्ग कुठं पळून नाय जात."

त्या संध्याकाळी मी इतकी सावकाश चालले की शोभाताई माझ्या पुढे गेल्या.

आणि चूक झालीच. दुसऱ्या सकाळी, पेपरची घंटा व्हायच्या आधी, एक मुलगी वर्गाबाहेर उभी, डोळ्यांत पाणी. "मॅडम, माझा नंबरच नाहीये." एका रांगेत एक क्रमांक राहून गेला होता. पूर्वी मी असते तर... पूर्वी मी काय केलं असतं, ते मला नीट माहीत आहे. त्या क्षणी माझ्या कानापुढचा स्नायू टणकन उभा राहिला. समोर चौकट, चौकटीवर टिकली. श्वास बाहेर. तोवर गांगुर्डे सर येऊन त्या मुलीला खिडकीजवळच्या रिकाम्या बाकाशी घेऊन गेले होते. खडूने भला मोठा आकडा काढला, खाली एक रेघ मारली. "हा घे तुझा नंबर. बाकीच्यांना साधे बाक, तुला हवेशीर. आता तरी हसशील का?" ती हसली. घंटा झाली. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. शाळेवरचं आभाळ होतं तिथेच होतं.

मी खूप वर्षं असं धरून चालले होते की मी बघते म्हणून चुका होत नाहीत. त्या दिवशी चूक झाली आणि घंटा व्हायच्या आत मिटलीही. माझ्या दाढेने इतकी वर्षं जे पेललं होतं, ते बरंचसं कोणी तिला पेलायला सांगितलंच नव्हतं.

भरारी पथक आलं ते बीजगणिताच्या दिवशी. प्रमुख एक बाई होत्या, सुती साडी, सरळ पाठ, चेहऱ्यावर एक सुरकुती हलत नव्हती. सोबत दोघे सहकारी आणि दारात पोलीस. त्यांनी वर्ग फिरून पाहिले, काही सापडलं नाही, आणि त्या माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"पहिल्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या चौकटीला टिकली आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मजल्यावरही, पहिल्याच वर्गाला. घड्याळावर आहे. कपाटावर आहे, आणि तिला फूलही वाहिलंय. ही खूण कोणासाठी आहे, मॅडम? कोणत्या वर्गात काय चालतं, हे बाहेरच्यांना सांगायची पद्धत आहे का ही?"

गांगुर्डे सरांचा चेहरा पांढरा पडला. माझी इतक्या वर्षांची नोकरी, माझ्या केंद्राचं नाव, सगळं एका टिकलीवर येऊन थांबलं. आणि नेमकं तेव्हा मला हसू फुटायला लागलं.

"ती माझ्या जबड्याची आहे," मी म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं. सांगून पटेना, तेव्हा मी तोंड उघडून दाखवलं. पथकप्रमुख वाकल्या. दोघे सहकारी वाकले. दारातला पोलीसही टाचा उंचावून बघत होता. बोर्डाच्या भरारी पथकाने तपासलेली दाढ असलेली मी बहुधा एकटीच.

त्या सरळ झाल्या. मग त्यांचा हात नकळत स्वतःच्या गालावर, कानापुढे गेला. तिथे त्यांनी दोन बोटांनी दाबून पाहिलं.

"सकाळी इथे ठणकतं का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ठणकतं."

"आणि कपाळावर पट्टा?"

"तोही."

सहकारी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागले. बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, वळल्या. "एखादी जास्तीची आहे का?"

मी ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. त्यांनी एक टिकली काढली आणि मोबाइलच्या पाठीवर चिकटवली. "एकदा बीपीही बघून घ्या," मी म्हणाले. "अंदाजावर राहू नका." त्यांनी मान हलवली. जाताना त्यांच्या खांद्यांची उंची जरा कमी झाली होती, असं मला वाटलं. ते माझ्या मनाचेही खेळ असतील.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर गांगुर्डे सर खुर्चीत बसले आणि इतके हसले की दौलतमामांनी त्यांना पाणी आणून दिलं. "मॅडम," ते डोळे पुसत म्हणाले, "म्हटलं आता आपल्याला टिकलीपायी आत टाकत्यात."

रंगपंचमी होऊन गेली. त्या दिवशी शोभाताईंनी मला ओढत जुन्या गावात नेलं, रहाडीचा रंग बघायला. जमिनीतला तो दगडी हौद वर्षभर बुजवलेला असतो आणि एका दिवसापुरता उघडतो. उकळलेल्या फुलांचा पिवळा रंग, त्याचा उग्र, गरम वास, पोरं वरून धप्पा मारतात आणि पाणी काठावरच्यांना न विचारता न्हाऊ घालतं. मी काठावरच उभी होते. तेवढं पुरलं. शेवटच्या पेपरनंतर सायलीकडे गेले तेव्हा दंडाला पट्टा बांधताना ती हसायला लागली, कारण कोपरापासून वर मी अजून हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळी होते.

पट्टा फुगला, सुटला. आकडा बघून तिने माझ्याकडे बघितलं.

"चला मॅडम. तोंड उघडा. बोलायचं नाही."

दाढ निघाली. तिने ती कापसावर ठेवून दाखवली. उभी चीर, वरपासून खालपर्यंत, बारीक, काळी. मी बराच वेळ बघत राहिले. इतकी टणक गोष्ट, आणि मी ती काहीही न चावता फोडली होती.

गोळी अजून चालू आहे. चष्म्यासारखीच, सकाळी उठले की घ्यायची आणि विसरून जायचं. मिसळ महिन्यातून एकदा. रात्री दातांत घालायचं एक प्लॅस्टिकचं कवच सायलीने करून दिलं आहे. ते घातलं की माझं बोलणं कोणाला कळत नाही आणि नवरा म्हणतो, घरात शांतता आहे. ताण संपला असं मात्र मी कोणाला सांगत नाही. परीक्षा दरवर्षी येणारच, पाकिटं सीलबंदच येणार. दात सुटे ठेवता येतात, एवढंच मी शिकले.

यंदा केंद्रसंचालक गांगुर्डे सर आहेत. मी नुसती पर्यवेक्षक. आज सकाळी त्यांच्या खोलीत उत्तरपत्रिका घ्यायला गेले. तेच लोखंडी कपाट, पण यंदा ते नवा रंग लावून आलंय. जुनी टिकली रंगाखाली गेली आहे, बोट फिरवलं तर एक छोटासा गोल फुगवटा लागतो. सर पाकिटं मोजत होते. मोजून झाली, पुन्हा मोजली. किल्ली गळ्यात, दोऱ्याला बांधलेली. आदल्या संध्याकाळी ते एकेक बाक दोनदा बघून गेले, असं मामांनी मला आधीच सांगितलं होतं. आणि त्यांच्या उजव्या कानापुढे, दाढीच्या खुंटांखाली, एक स्नायू उडत होता. टक, टक, टक.

माझी जीभ रिकाम्या जागेवर गेली.

पाकीट घरी राहिलं होतं. मी कपाळावरची टिकली काढली, कपाटाच्या दारावर, कुलपाच्या वर, त्या फुगवट्यावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली.

"गांगुर्डे सर," मी म्हणाले, "दात."

त्यांनी वर बघितलं. टिकलीकडे, मग माझ्या उघड्या कपाळाकडे. त्यांचा जबडा सुटला, श्वास बाहेर आला, आणि त्याच्यामागून हसू.

"मॅडम," ते म्हणाले, "पण पथक आलं तर तोंड तुम्हीच उघडायचं."